फेलिम क्लॅन्सीची आगाऊ श्रद्धांजली

सिनेटर मॅलकी गिलरॉयने अलीकडे सभागृहात काय दिवे लावले, हे कुणालाही घरबसल्या बघता येतं. संसदेच्या संकेतस्थळावर त्याच्या नावावर बोट ठेवलं की सगळं उघडतं: कधी बोलला, कशावर बोलला, कुठल्या बाजूने मत दिलं. सामान्य माणूस ते वाचत नाही. वाचतात ते काउन्सिलर, कारण आमच्याकडे सिनेटरला निवडून देतात तेच. निवडणूक जवळ आली की एकेक जण चष्मा चढवतो आणि मला फोन लावतो. "काय गं डेलिया, तुझा माणूस मार्चमध्ये गप्प का होता?" मार्चमध्ये त्याला न्यूमोनिया झाला होता, असं मी सांगते. "मग तेही लिहायचं ना तिथे कुठेतरी," म्हणतात.

मी मॅलकीची सहायक. डब्लिनमध्ये, संसदेच्या मागच्या इमारतीत, जिन्याखालच्या एका खोलीत माझं टेबल आहे. खिडकी आहे, पण ती दुसऱ्या भिंतीकडे बघते. त्याची भाषणं मी लिहिते, त्याला आलेल्या शिव्याही मीच वाचते. मॅलकी सदुसष्ट वर्षांचा. दर मंगळवारी पहाटे लीट्रिमहून गाडी हाकत येतो, गुरुवारी परत जातो, आणि शुक्रवार ते सोमवार मयतांना जातो. हे मी कुचेष्टेने म्हणत नाही. आमच्याकडे पुढाऱ्याचं निम्मं काम तेच. मयताच्या घरी रांगेत उभं राहायचं, घरच्यांचे हात हातात घ्यायचे, चहा आणि हॅम सँडविच नको म्हणायचं आणि मग खायचं. तिथे जो दिसला नाही, तो मतपेटीत दिसत नाही. मॅलकी एकदा मला म्हणाला होता, "डेलिया, माझ्या ओळखीची जिवंत माणसं आता मेलेल्यांपेक्षा कमी आहेत, आणि त्यातली निम्मी मला मत देणार नाहीत."

लीट्रिममधल्या किलमोराच्या खोऱ्यातल्या बसचा विषय त्याने धरून ठेवला होता. खोऱ्यातले पाच जण मूत्रपिंडाच्या दुखण्याचे. आठवड्यातून तीनदा शहरातल्या हॉस्पिटलात जाऊन रक्त शुद्ध करून घ्यावं लागतं. पूर्वी एक छोटी बस त्यांना न्यायची. बसचा ड्रायव्हर निवृत्त झाला आणि खात्याने बसही त्याच्याबरोबर निवृत्त केली. तेव्हापासून ही मंडळी कधी शेजाऱ्याच्या गाडीत, कधी पुतण्याच्या, कधी कुणाच्या मेंढ्यांच्या गाडीत पुढे बसून जात होती. या पाचांतला म्होरक्या फेलिम क्लॅन्सी. आयुष्यभर त्याने दूध डेअरीची लॉरी चालवली. खोऱ्यातल्या प्रत्येक घराच्या फाटकाशी थांबला, निरोप नेले, औषधं आणली, एकदा तर नवरीला चर्चपर्यंत नेलं. आता साखरेने त्याचे डोळे गेले होते, आणि साऱ्या खोऱ्याला ने-आण करणारा माणूस दुसऱ्यांच्या दारी गाडी मागत बसला होता. त्याला सर्वांत लागायचं ते हेच.

मॅलकीने चार वेळा हा विषय सकाळच्या सत्रात मांडला. ती पद्धत अशी: सिनेटर गावाकडचा प्रश्न विचारतो आणि सरकारतर्फे कुणीतरी राज्यमंत्री येऊन उत्तर वाचतो. प्रश्न आरोग्याचा असला तर आरोग्याचा मंत्री येईल, अशा भ्रमात राहू नये. पहिल्या वेळी मासेमारीचा आला. दुसऱ्या वेळी क्रीडेचा. तिसऱ्या वेळी आलेल्या बाईंनी किलमोरा हा शब्द तीन प्रकारे उच्चारला. चौघांनी कागद मात्र एकच वाचला: विषय विचाराधीन आहे, सिनेटरच्या तळमळीबद्दल आभार. सभागृहात तेव्हा सभापती, मॅलकी, तो मंत्री आणि दाराशी उभा असलेला शिपाई एवढेच असायचे. मी वर प्रेक्षकांच्या बाकावर बसायचे. चौथ्या वेळी मॅलकीने वर बघून डोळे मिटले, तेव्हा मला वाटलं आता हा उठणारच नाही.

पाचव्यांदा त्याने विषय नोंदवला तो एका गुरुवारसाठी. त्याच आठवड्यातल्या मंगळवारी सकाळी मॅटी कीनीचा फोन आला. मॅटी आमच्याकडचा काउन्सिलर, तोंडाचा सैल, पण मनाने बरा.

"फेलिम चाललाय," मॅटी म्हणाला. "रात्री हॉस्पिटलात फादरनी येऊन शेवटचं तेल लावलं. मुलीला बर्मिंगहॅमहून बोलावलंय. ही सकाळ काढतो की नाही कोण जाणे."

"म्हणजे अजून आहे ना?" मी विचारलं.

"मी निघालो तेव्हा होता," मॅटी म्हणाला.

मी मॅलकीला जसंच्या तसं सांगितलं. तो कोट न काढता खुर्चीत बसला. फेलिमच्या लॉरीत पुढे बसून तो शाळेत जायचा, हे मला ठाऊक होतं. म्हणाला, "बस बघायला राहिला नाही तो." मी म्हटलं, "अजून आहे म्हणतो मॅटी." त्याने मान हलवली, पण ऐकलं नाही. दाराबाहेर सभागृह सुरू व्हायची घंटा वाजत होती.

सकाळच्या कामकाजात, हे त्या प्रश्नांच्या सत्राहून वेगळं, आमच्याकडे ज्याला जे सुचेल ते तो बोलतो. खड्डे, फुटबॉल, गाझा, आणि शोक. गावाकडचं कुणी गेलं की त्या भागाचा सिनेटर उभा राहतो, आणि जो आधी उभा राहिला त्याचं नाव गावात होतं. दुसरा उभा राहिला तर तो नुसता री ओढतो. आमच्याच भागातून आणखी एक सिनेटर आहे, ग्रान्या डॉलन. बत्तीस वर्षांची, हुशार, आणि झोपत नसावी असा आम्हा दोघांचा संशय. मागच्या दोन मयतांत तिने मॅलकीला मागे टाकलं होतं, आणि काउन्सिलरांनी ते मला फोन करून कळवलंही होतं.

त्या मंगळवारी ग्रान्या आत आली ती काळा कोट घालून, हातात घडी केलेला कागद, चेहरा गंभीर. तिने सभापतींकडे बघून हात वर केला. मॅलकीने तो कोट पाहिला, तो कागद पाहिला, आणि त्याला वाटलं, झालं, फेलिम गेला आणि हिला आधी कळलं. मी वरून सगळं बघत होते. त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिचा हात पुरता वर जायच्या आत तो उभा राहिला होता.

आणि काय बोलला! इतक्या वर्षांत मी त्याला लिहून दिलेलं एकही भाषण त्याच्या पासंगाला पुरत नाही. लॉरी सांगितली, पहाटेची फाटकं सांगितली, हिमवर्षावात डेअरी बंद असताना फेलिमने पाठीवरून पिठाची पोती कशी पोचवली ते सांगितलं. "खोऱ्यातल्या प्रत्येक दाराशी थांबणाऱ्या माणसाला शेवटी न्यायला कुणी थांबलं नाही," म्हणाला, आणि त्याचा आवाज फुटला. सभागृह भरलेलं होतं. कुणीच फोनकडे बघत नव्हतं. मग केरी परगण्याचा एक सिनेटर उठला आणि फेलिमला कधीही न बघता म्हणाला की तो नखशिखांत सज्जन होता. सरकार पक्षाच्या नेत्यांनी डोळे पुसले आणि सांगितलं की ही बस त्याच्या आठवणीत तरी सुरू झालीच पाहिजे, ते स्वतः आरोग्यमंत्र्यांशी बोलतील. सगळे उभे राहून एक मिनिट गप्प राहिले. ग्रान्याही उभी होती, कागद हातात तसाच. नंतर कळलं की त्या कागदावर वाचनालयांबद्दलचा मजकूर होता, आणि काळा कोट तिच्या मावशीच्या वर्षश्राद्धाच्या, चर्चमधल्या प्रार्थनेसाठी.

मी जिन्याखाली परत आले तर फोन वाजत होता.

"डेलिया का?" आवाज खोल, पण खणखणीत. "मॅलकीला दे, पोरी. म्हणावं, मयत बोलतोय."

मी ओरडलेच: "फेलिम! अरे, तू..."

"पहाटे उठलो. उकडलेलं अंडं खाल्लं. इथे यंत्राला जोडलंय मला, पोरगी शेजारी बसलीय, तिच्या त्या काचेच्या पाटीवर तुमचं सभागृह लावलं होतं. म्हटलं, बघू तरी आमच्या बसचं कुणी नाव काढतंय का."

मॅलकी आत आला तेव्हा मी नुसता फोन पुढे केला. त्याने कानाला लावला आणि त्याचा चेहरा आधी पांढरा, मग लाल झाला. मी फोनचा स्पीकर लावला. लपवण्यासारखं आता काय राहिलं होतं?

"फेलिम, मला माफ कर. मी आत्ता, या क्षणी जाऊन दुरुस्ती करतो."

"थांब, मूर्खा," फेलिम म्हणाला. "तुझ्या बापासारखाच उतावळा. मी जिवंत असताना चार वेळा विचारलंस, तर काय मिळालं? विचाराधीन! आणि मेलो तर अख्खं सभागृह उभं राहिलं. केरीचा तो बाबा तर रडकुंडीला आला होता. गुरुवारी तुझा प्रश्न आहे ना?"

"आहे."

"मग गुरुवारपर्यंत मला मेलेलाच राहू दे. मला काही घाई नाही."

"हे बरोबर नाही," मी मध्येच म्हटलं. "नोंद झालीय. छापलं जाईल."

"छापू दे की! नुआलाला सांगतो, जपून ठेव म्हणून," फेलिम म्हणाला. नुआला म्हणजे त्याची बायको. "एवढं चांगलं माझ्याबद्दल तिनेही कधी म्हटलं नाही." मग आवाज उतरला. "मॅलकी, पोरा, हे शेजारीपाजारी गाडी मागणं मला जमत नाही रे. मागता मागता मेलोय मी. उगाच नाही बोललास तू."

मॅलकीने फोन ठेवला. दुरुस्ती केली नाही. मी चिडले, आरडाओरडा केला, काउन्सिलरांना कळलं तर हसून हसून लोळतील म्हणाले. तो म्हणाला, "लोळू देत. दोन दिवसांचा तर प्रश्न आहे." मग हातावर डोकं टेकून तिथेच झोपला, आणि दुपारच्या मतदानाला मला त्याला हलवून उठवावं लागलं.

गुरुवारी उत्तर द्यायला आला तो जंगलांचा राज्यमंत्री. तरुण, ताजी दाढी केलेला, फाइल काखेत. मॅलकीने प्रश्न मांडला. मंत्र्याने फाइल उघडली आणि वाचायला लागला, आणि पहिल्यांदाच कागद वेगळा होता. मी कठड्याला धरून पुढे वाकले.

"सभागृहाने मंगळवारी व्यक्त केलेल्या भावना लक्षात घेऊन," तो वाचत होता, "मंत्र्यांनी किलमोरा बससेवेचा तातडीने आढावा घेतला. अशा सेवेसाठी नियमित प्रवासी किमान पाच असावे लागतात. खोऱ्यात असे पाच रुग्ण होते, आणि सेवा मंजूर करण्याची खात्याची तयारी होती." त्याने पान उलटलं. "तथापि, श्री. फेलिम क्लॅन्सी यांच्या दुःखद निधनामुळे ही संख्या आता चार झाली आहे. त्यामुळे सेवा मंजूर करता येत नाही, याचा खेद वाटतो. मंत्री कुटुंबीयांच्या दुःखात सहभागी आहेत."

हॉस्पिटलला पक्कं माहीत होतं की फेलिम जिवंत आहे, कारण तो त्यांच्याच खाटेवर पडून नर्सांना छळत होता. पण खात्यातल्या कुणाला हॉस्पिटलला विचारावंसं वाटलं नाही. सिनेटचं छापील भाषण समोर होतं ना! मॅलकीच्या इतक्या वर्षांच्या भाषणांतलं एकच खात्याने मनापासून वाचलं होतं, आणि नेमकं तेच.

सभापतींनी विचारलं, "सिनेटर गिलरॉय, काही विचारायचंय?"

मॅलकी बसूनच होता. समोरचं बाक दोन्ही हातांनी धरलेलं. मला ठाऊक होतं त्याच्या मनात काय चाललंय. निवडणुकीला काही आठवडे उरले होते. आता गप्प बसला असता तर बस गेली असती, पण अब्रू राहिली असती. फेलिमच्या वयाचा आणि दुखण्याचा माणूस आज ना उद्या जाणारच, मग तारखा कोण तपासतंय? मी वरून त्याच्याकडे बघत होते आणि, खरं सांगते, त्याने काय करावं हे मलाच ठरवता येईना. एवढा दमलेला माणूस.

तो उठला. आधी एक गुडघा सरळ झाला, मग दुसरा.

"सभापती महोदय," तो म्हणाला, "श्री. क्लॅन्सी जिवंत आहेत. मंगळवारी मी त्यांना मारलं. कुणी सांगितलं नव्हतं. दुसरं कुणीतरी आधी बोलेल या भीतीने मी बोललो. आणि ते जिवंत आहेत हे त्याच सकाळी कळूनही मी गप्प बसलो, कारण मेलेल्या माणसासाठी तुम्ही लोक ऐकता. चूक माझी आहे. पण प्रवासी पाच आहेत. मोजून पाच. आता राज्यमंत्र्यांनी उत्तर द्यावं."

दाराशी उभ्या असलेल्या शिपायाने तोंडावर हात घेतला. राज्यमंत्र्याने पान मागे उलटलं, पुढे उलटलं. "मला... मला जे लिहून दिलंय, त्यात हे नाही," तो म्हणाला. मग बिचारा खरंच आनंदाने म्हणाला, "पण अभिनंदन!"

संध्याकाळपर्यंत देशभर बोभाटा झाला. रेडिओवर मॅलकीला मुडद्यांचा सिनेटर म्हणाले. कुणीतरी त्याची श्रद्धांजली वाजवून शेवटी कोंबडा आरवल्याचा आवाज जोडला. काउन्सिलरांचे फोन आले, माझी कानशिलं तापली. एकाने बजावलं, माझं नाव घ्यायच्या आधी निदान माझी नाडी बघायला सांग त्याला. ग्रान्या डॉलन जिन्याखाली आली, मी तयारीतच होते, पण ती नुसती खुर्चीत बसली. म्हणाली, "माझ्या कोटामुळे झालं, असं ऐकलं." मॅलकी म्हणाला, "नाही गं. माझ्यामुळेच." तिने खात्यात तिच्या ओळखीच्या कुणाला तरी फोन केला, मग दुसऱ्याला. हे तिने का केलं हे मी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही.

बस मंजूर झाली. महिन्याभरात पांढरी, छोटी गाडी किलमोरात फिरायला लागली. पहिल्या दिवशी फेलिम पुढच्या सीटवर बसला आणि दिसत नसतानाही ड्रायव्हरला प्रत्येक वळण आधी सांगत राहिला. "फाटकाशी हॉर्न नको वाजवू, तिची गाय बुजते." ती गाय मरून वीस वर्षं झाली होती. मॅलकी जेमतेम मतांनी निवडून आला, शेवटच्या फेरीत. मला वाटतं काही काउन्सिलरांनी हसता हसता मत दिलं असावं.

हिवाळा संपता संपता फेलिम गेला. या वेळी खरंच. मॅटीने फोन केला तेव्हा मी त्याला तीनदा विचारलं, आणि तो तीनदा हो म्हणाला, आणि तिसऱ्यांदा रडला.

मयताला सारं खोरं लोटलं होतं. मॅलकी रांगेत तासभर उभा राहिला. ग्रान्याही होती, त्याच काळ्या कोटात. नुआलाने मॅलकीचे हात हातात घेतले तेव्हा मी त्याच्या मागेच होते.

"मंगळवारी बोलेन मी," मॅलकी म्हणाला. "या वेळी नीट बोलेन."

नुआलाने हात सोडले नाहीत. बारीक बाई, पण नजर घट्ट. "मॅलकी," ती हळू आवाजात म्हणाली, "तिथे बोललास की किती होतील?"

त्याला लगेच कळलं नाही. मला कळलं. भिंतीशी खुर्च्या मांडून बसचे बाकीचे चार जण बसले होते, मांडीवर चहाच्या बश्या. त्यांत एक नातीला घेऊन आलेली बाई, एक मेंढपाळ, दोघे भाऊ.

"ड्रायव्हर दर फेरीला आमच्या फाटकाशी थांबणार आहे," नुआला म्हणाली. "मी बाहेर येऊन सांगेन, आज बरं नाही त्याला. तुझं सगळं बोलून झालंय रे आधीच. जपून ठेवलंय मी. त्याला वाचून दाखवायचे, दर रविवारी."

मॅलकीने तिच्या हातांवर कपाळ टेकलं. रांग थांबली होती, पण मागून कुणी ढकललं नाही.

मंगळवारी सकाळच्या कामकाजाला मी वर जाऊन बसले. खड्ड्यांवर बोललं गेलं, फुटबॉलवर बोललं गेलं. केरीच्या सिनेटरने कुणा एका खऱ्या मेलेल्या माणसाला नखशिखांत सज्जन म्हटलं. सभापतींनी मॅलकीकडे पाहिलं, त्यांच्याही कानावर काही आलं असावं. मॅलकी हलला नाही. त्यांनी ग्रान्याकडे पाहिलं. आमच्या भागातलं एवढं मोठं मयत, आणि ती पहिली उभी राहू शकत होती. तिने खाली मान घातली आणि पेनाचं टोपण लावत बसली. मॅलकीचे ओठ हलत होते. भाषण त्याला पाठच होतं.

त्या दिवसाचं पान अजून संकेतस्थळावर आहे. सगळ्यांची नावं आहेत, मॅलकीचं नाही. पुढच्या आठवड्यात दूरच्या कुठल्यातरी परगण्यातल्या एका काउन्सिलरचा फोन आला. चष्मा लावून बसला होता, आवाजावरूनच कळलं.

"काय गं डेलिया, त्या मंगळवारी तुझा माणूस गप्प का होता?"

"घसा बसला होता त्याचा," मी म्हटलं.